कानातलं पोस्ट ऑफिस

कोर्टेमेरमधली माणसं माझ्याशी बोलताना डोळ्यांत बघत नाहीत, कानांकडे बघतात. झुमके घातलेत का, तेच की दुसरे, हे आधी तपासतात आणि मग गुड मॉर्निंग म्हणतात. काही जण तेही म्हणत नाहीत.

हे सगळं घरामुळे झालं, म्हणून आधी घर. आमचं घर म्हणजे गावाचं जुनं पोस्ट ऑफिस. कोर्टेमेर तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. आम्स्टरडॅमहून उत्तरेला निघायचं, ट्रेन संपते, मग बस लागते, मग बसलाही कंटाळा येतो, तिथे आमचं गाव. चारी बाजूंनी सपाट. इतकं सपाट की शेजारच्या गावातल्या चर्चच्या टोकावरचा पत्र्याचा कोंबडा आमच्या मोरीच्या खिडकीतून दिसतो. इथे पूर्वी तळं होतं. ते उपसून जमीन केली, त्यामुळे अख्खं गाव समुद्रापेक्षा खाली आहे, पण माणसांचं नाक मात्र त्या कोंबड्याच्या वर.

अशा गावाच्या मधोमध, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, कुणीतरी राजवाड्याएवढं पोस्ट ऑफिस बांधलं. का, तर इथे रेल्वे येणार होती. गावानं घाईघाईनं पोस्ट बांधलं आणि रेल्वे आलीच नाही! मला हे भयंकर आवडतं. लग्न ठरायच्या आधी मांडव घातल्यासारखं. लाल विटा, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारं तोंड, दारावर दगडात कोरलेलं टपालाचं शिंग. खाली पोस्टाचा मोठा हॉल आणि वर पोस्टमास्तरचं घर. कॅनडाला गेलेल्या पोरांची पत्रं इथे यायची, म्हाताऱ्यांची पेन्शन इथे मिळायची, तारा इथून जायच्या. मग पत्रं आटली. टपाल सुपरमार्केटच्या कोपऱ्यात गेलं, चिप्सच्या पाकिटांशेजारी. इमारतीत आधी गालिच्यांचं दुकान आलं, मग माणसांना विजेच्या दिव्यांखाली निजवून तपकिरी करून देणारं दुकान आलं, मग काहीच आलं नाही. वर्षानुवर्षं कबुतरं तेवढी यायची. तेव्हा ही इमारत कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. आम्ही विकत घेतली त्या दिवशी ती सगळ्या गावाची लाडकी झाली.

घेतली ती आईसाठी. माझी आई, मृदुला, पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. माझ्या बाबाला, म्हणजे आशुतोषला, आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात आयटीत नोकरी मिळाली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा तिच्या पदवीची किंमत इथे शून्य झाली. मग ती भाषा शिकली, परीक्षांना बसली, रॉटरडॅमच्या एका क्लिनिकमध्ये दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, मग पुन्हा भाषा शिकली, कारण पेशंटशी बोलायचं डच वेगळं असतं. मी दुसरीत होते तेव्हा हे सुरू झालं, आता मी अकरावीच्या वयाची आहे. यंदा एकदाचं तिला स्वतःचं क्लिनिक काढायचा परवाना मिळाला. वर घर, खाली हॉलमध्ये क्लिनिक, असं ठरलं. तपासणीची टेबलं येऊनही पडली. फक्त खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी हवी होती, कारण इमारत वारसा म्हणून नोंदलेली आहे. आणि खेमेंटे परवानगी द्यायच्या आधी गावाच्या इतिहास मंडळाला विचारते. आणि इतिहास मंडळ म्हणजे मेव्राउ टेर्प्स्ट्रा.

मेव्राउ म्हणजे आपलं 'बाई'. पण नुसत्या बाई नाहीत, ज्यांच्यासमोर आपली मान आपोआप सरळ होते अशा बाई. उंच, बारा महिने रेनकोट, आणि बोलायच्या आधी नाकानं एक श्वास घेतात, तो आपल्याला ऐकू येतो. सप्टेंबरमधल्या एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या. मी शाळेत होते, आई रॉटरडॅमला होती. घरी बाबा एकटा होता. इथेच माती झाली.

"आज मी डचमध्ये बोललो," रात्री पोळी मोडता मोडता बाबा म्हणाला. "टेर्प्स्ट्राबाईंशी. दारात उभं राहून. इंग्रजीचा एक शब्द नाही!"

"अरे वा," आई म्हणाली. "कशाबद्दल?"

"तुझ्या लॉकेटबद्दल. बाई दिसतात कडक, पण लक्ष बारीक आहे हं त्यांचं. ते तुझ्या आजीचं लॉकेट हल्ली दिसत नाही, तर कुठे गेलं म्हणून विचारायला आल्या होत्या."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. मी म्हटलं, फार जुनं होतं, तुटलं होतं, म्हणून वितळवलं. तर बिचाऱ्यांनी तोंडावर हातच ठेवला. इतकं वाईट वाटलं त्यांना. मी म्हटलं, काळजी करू नका, त्याचे आमच्या गुंजनला कानातले केलेत. फार सुरेख झालेत, एकदा बघायला या."

"आल्या नाहीत?"

"नाही. पळतच गेल्या."

आईला कौतुक वाटलं. मला थोडं विचित्र वाटलं, पण मी दुसऱ्यांदा आमटी घेत होते.

सोमवारी शाळेत फेम्के माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली. फेम्के म्हणजे मेव्राउ टेर्प्स्ट्रांची नात. श्वासही तसाच घेते.

"छान आहेत कानातले," ती म्हणाली. "यातून पार्सल जातं का?"

मागचा बाक फुटला हसून.

"उजव्या कानात परदेशी टपाल, डाव्या कानात देशी," कुणीतरी म्हणालं.

आता, हे गेल्या वर्षी झालं असतं तर मी वहीत डोकं घातलं असतं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गाच्या भिंतीच्या रंगाची होते. पण यंदा मला वादविवादाच्या संघात घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की माझा आवाज खणखणीत आहे आणि मला तो प्रचंड आवडतो. म्हणून मी उभी राहिले.

"काय म्हणायचंय ते नीट म्हण, फेम्के. कोड्यात बोलायला तुला जमत नाही."

"नीट म्हणू? तुझ्या बापानं कबूल केलंय माझ्या आजीसमोर. तुम्ही लोकेट वितळवलंत. गावाचं लोकेट. आणि तू ते घालून फिरतेस."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

लोकेट. डचमध्ये लोकेट म्हणजे खिडकी. पोस्टातली, बँकेतली, जिच्यामागे माणूस बसतो ती. आपण म्हणतो ना, 'त्या पलीकडच्या खिडकीवर जा', ती खिडकी. कोर्टेमेरच्या लोकेटाचा फोटो इतिहास मंडळाच्या कॅलेंडरवर दर वर्षी असतो: ओकचं लाकूड, तीन कमानी, कमानींत पितळेचे गज, आणि मधल्या कमानीखालच्या फळीला खळगा, गावानं कोपरं टेकून टेकून पाडलेला. ते लोकेट आमच्या हॉलमध्ये मागाहून उभारलेल्या खोट्या भिंतीमागे अजून शाबूत आहे, असा गावाचा समज होता. सगळ्यांना माहीत होतं. बघितलं कुणीच नव्हतं. आणि माझ्या बापानं दारात उभं राहून, हसतमुखानं, व्याकरणशुद्ध डचमध्ये सांगितलं होतं की ते जुनं होतं, तुटलं होतं, आम्ही वितळवलं आणि मुलीला कानातले केले.

घरी येऊन मी सांगितलं. आई बाबाकडे वळली आणि डचमध्ये म्हणाली, "आजपासून तू माझ्याशी याच भाषेत बोलायचं. भूक लागली तरी याच भाषेत लागली पाहिजे."

"मृदुला, अगं..."

"डचमध्ये."

बाबाला डचमध्ये 'अगं' येत नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात किती शांतता असायची म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी तो लॉकेटचा जुना फोटो घेऊन मेव्राउ टेर्प्स्ट्रांकडे गेला. सोबत मी होते, दुभाषी म्हणून. त्यांनी आत बोलावलं नाही. फोटो हातातही घेतला नाही.

"म्हणजे त्या दिवशी तुमच्या वडिलांना भाषा येत होती," त्या मला म्हणाल्या, "आणि आज येत नाही. सोयीचं आहे."

"मेव्राउ, सोन्याचं लॉकेट आणि पोस्टाची खिडकी यांत..."

"मी विचारलं लोकेट कुठे आहे. त्यांनी सांगितलं. मला ऐकू येतं."

आणि दार बंद.

मग आम्ही खोटी भिंत पाडली आणि मंडळाला बघायला बोलावलं. मागे काय होतं? काही नाही! स्क्रूंची भोकं आणि भिंतीवर तीन कमानींची फिकट छाया. आम्हाला वाटलं, सुटलो, इथे आधीपासूनच काही नव्हतं. मेव्राउ टेर्प्स्ट्रांनी त्या छायेवर बोट ठेवलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "बघा. इथे होतं." झालं. इतिहास मंडळानं खेमेंटेला कळवलं की नव्या मालकांनी वारशाची नासधूस केल्याचा संशय आहे, सबब परवानगी देऊ नये. निर्णय फेब्रुवारीतल्या सभेत होणार होता.

तोवर गाव आमच्याशी गाव वागतं तसं वागलं. बेकरीत आमचा नंबर आला की पाव कापायचं मशीन बिघडायचं. आमच्या पत्रपेटीत कुणीतरी पाकीट टाकलं, आत काही नाही, वर पत्ता: 'डावा कान'. मी इतिहासाच्या प्रकल्पासाठी मुद्दाम आमचीच इमारत घेतली आणि दारोदार जाऊन विचारत सुटले, लोकेट शेवटचं कुणी पाहिलं, गालिचेवाला आला तेव्हा होतं का. उत्तर एकच. आधी नजर कानांकडे, मग, "मला घाई आहे." एवढ्याशा गावात एवढी घाई कसली असते, देव जाणे.

आई रोज संध्याकाळी खाली जाऊन टेबलांवरचं प्लास्टिक सरळ करायची. काढायची नाही, फक्त सरळ करायची. मला ते बघवायचं नाही. मी आणखी जोरात भांडायचे.

आणि जानेवारीत पाणी गोठलं.

तुम्ही डच माणसाला बर्फ जमल्यावर पाहिलं नसेल तर काय पाहिलं! हल्ली इथे नीट थंडी पडतच नाही, त्यामुळे आम्ही आल्यापासून गावाचं स्केटिंगचं मैदान कधी गोठलं नव्हतं. गावाबाहेर एका कुरणात पाणी सोडून ठेवतात. ते टणक झालं अशी बातमी आली आणि दुकानं बंद, शाळा अर्धी रिकामी, जे बापजन्मी हसले नाहीत ते हसत सायकलवर निघाले, खांद्याला स्केट्स.

"आपण जायचं," आई म्हणाली. मराठीत! "तिघांनी. घरात बसलो तर खरंच वितळवलं असं वाटेल."

इथे नवशिके स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ठेवतात आणि ती ढकलत ढकलत घसरायला शिकतात. बाबानं आमची खुर्ची नेली. लहान लहान पोरं आपापल्या खुर्च्या घेऊन सुसाट जात होती आणि मधोमध माझा बाप, कानटोपी घालून, खुर्चीला मिठी मारून. आई काठावर उभी राहिली. मी हॉट चॉकलेटच्या रांगेत गेले.

मैदानाच्या कडेला स्केटिंग क्लबची लाकडी टपरी आहे. भडक केशरी रंगाची. मी ती आजवर फक्त बंद पाहिली होती, फळ्या ठोकलेली. आज फळ्या निघाल्या होत्या आणि खिडकीमागे, हातात डाव घेऊन, मेव्राउ टेर्प्स्ट्रा उभ्या होत्या. साहजिकच. गावात जिथे काही वाटलं जातं तिथे त्या असतातच.

माझ्या मागे फेम्के येऊन उभी राहिली. "जपून हं," ती म्हणाली. "थंडीत पितळ कातडीला चिकटतं म्हणतात."

"तुझी जीभ चिकटव, बघू."

माझा नंबर आला. मी फळीवर कोपर टेकलं. आणि ते बसलं. म्हणजे नुसतं टेकलं नाही, एखाद्या वाटीत ठेवल्यासारखं बसलं. मी खाली बघितलं. फळीला खळगा होता. मी वर बघितलं. चौकटीवर फळ्या मारून चौकोनी केलं होतं, पण केशरी रंगाखाली कमानीची गोलाई दिसत होती, आणि कमानीच्या कडेला कापलेल्या गजांची बुडखी. मी हातमोजा काढला आणि वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. रंगाखाली काहीतरी कोरलेलं लागत होतं.

"किती कप?" मेव्राउ टेर्प्स्ट्रा.

"मेव्राउ, ही खिडकी कुठून आली?"

"रांग थांबलीय."

"कुठून आली?"

त्यांनी तो श्वास घेतला. "ही टपरी माझ्या नवऱ्यानं बांधली. देव त्याला शांती देवो. पडलेल्या जुन्या लाकडातून. कप किती?"

"कुठे पडलेल्या?"

"ए, ओरडू नकोस," फेम्के म्हणाली. "कान आवर."

कान! मी झुमका काढला. त्याच्या मागच्या तारेनं त्या पट्टीवर खरवडायला लागले. केशरी निघाला, खाली निळा, त्याखाली हिरवा. थंडीनं रंग कडक झाला होता, पोपडेच्या पोपडे उडाले. झुमक्याची तार वाकली, मी वाकड्या तारेनं खरवडलं. पी. ओ. एस. टी. मग झेड.

"पोस्टझेखल्स!" मी वाचलं. टपाल तिकिटं. इतक्या मोठ्यानं वाचलं की बर्फाच्या पार पलीकडच्या माणसानं वळून बघितलं. खोटं कशाला बोलू, मी आनंदानं किंचाळलेच. "मेव्राउ टेर्प्स्ट्रा, तुम्ही लोकेटात उभ्या आहात!"

रांगेतली माणसं पुढे आली. कुणी खळग्यात कोपर ठेवून पाहिलं, कुणी गजाचं बुडखं चाचपलं. प्रत्येकानं या खिडकीतून लहानपणापासून सूप घेतलं होतं. शेवटी फेम्केनंही हातमोजा काढून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात खर्रर्र करत खुर्ची आली आणि तिच्यामागून बाबा.

"काय झालं?"

"बाबा, हे लोकेट."

त्यानं खिडकीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वाकड्या झुमक्याकडे पाहिलं. मग खुर्ची सोडली, दोन पायांवर उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मेव्राउ. दिट इज नीट खेस्मोल्टन."

हे वितळलेलं नाही. बाबाच्या आयुष्यातलं सर्वात सुंदर डच वाक्य.

मेव्राउ टेर्प्स्ट्रा आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या आतून चौकटीकडे बघत होत्या. एकदा त्यांनी फळीवर तळवा ठेवला, जणू कुणीतरी तिथे नुकतंच काही ठेवून गेलं होतं. मग त्यांनी खिडकीचं झाकण खाली ओढलं. ते अर्ध्यात अडकलं. उजवा हात वर जाईना. शेवटी डाव्या हातानं, लोंबकळून, त्यांनी ते माझ्या तोंडावर बंद केलं.

"उजवा खांदा आखडलाय त्यांचा," आई माझ्या शेजारी येऊन पुटपुटली. "बरेच महिने झाले असणार."

"आई! आत्ता?"

"दिसलं ते सांगितलं."

तुम्हाला वाटेल की मग माफी मागितली असेल. माफी! फेब्रुवारीतल्या सभेत मेव्राउ टेर्प्स्ट्रा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की लोकेट सापडलं आहे, ही समाधानाची बाब आहे, आणि आता ते मूळ जागी बसवावं, तरच परवानगी द्यावी. मूळ जागी म्हणजे छायेच्या त्या भिंतीपुढे, मागे माणूस बसेल एवढी जागा सोडून, आमच्या हॉलमध्ये आडवं. मग टेबलं कुठे ठेवायची आणि व्हीलचेअर कुठून न्यायची? माझं रक्त उकळलं. मी उठायला लागले, तर आईनं माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उठली.

तिचं डच माझ्यासारखं भराभर नाही. ती प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन बघते.

"त्या खिडकीसमोर लोक उभे राहायचे," ती म्हणाली. "माझ्याकडे येणारे लोक उभे राहत नाहीत. आडवे होतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी.

"मैदानावर लोक अजून तिच्यासमोर उभे राहतात. ती तिथेच बरी आहे."

तेवढ्यात स्केटिंग क्लबचा अध्यक्ष ताडकन उठला. टपरीची एक फळीही मिळणार नाही, त्यानं बजावलं. मेव्राउ म्हणाल्या, चोरीचा माल आहे. तो म्हणाला, चोरी कुणी केली ते बोलू का? पाच मिनिटांत अख्खं सभागृह एकमेकांच्या बापजाद्यांवर घसरलं, आणि आमच्याकडे बघायला कुणाला वेळच उरला नाही. खेमेंटेच्या माणसानं त्या गोंधळातच परवानगी देऊन टाकली. क्लब आणि मंडळ यांचं अजून चालू आहे. चालो.

आई घरी येऊन खाली गेली आणि तिनं टेबलांवरचं प्लास्टिक काढलं. बाबाला मराठी परत मिळालं. मात्र पेशंट येईनात. गाव परवानगी थांबवू शकलं नाही, पण पाय तर थांबवू शकत होतं. आई रोज सकाळी दार उघडायची, दुपारी बंद करायची.

मार्चमध्ये एकदा मी शाळेतून आले तर हॉलमध्ये रेनकोट टांगलेला. मेव्राउ टेर्प्स्ट्रा खुर्चीत बसल्या होत्या, भिंतीवरच्या तीन कमानींच्या छायेखाली. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. डाव्या झुमक्याची तार अजून वाकडीच आहे; सोनाराकडे न्यायला मी नकार दिलाय.

"त्या खिडकीचं झाकण जड आहे," त्या म्हणाल्या. आईला, मला नाही. "वर्षानुवर्षं मीच उचलते."

"माहीत आहे," आई म्हणाली. "झोपा."

त्या आडव्या झाल्या. आईनं त्यांचा उजवा हात धरला आणि सावकाश वर न्यायला लागली. थोडा. आणखी थोडा. मग, माझ्या मते, गरजेपेक्षा जरा जास्त.

"आऊ!"

"काय झालं?" वरच्या मजल्यावरून बाबानं विचारलं. "काय म्हणाल्या?"

"काही नाही," मी जिन्यातून ओरडले. "तू खाली येऊ नकोस. आणि काहीही समजून घेऊ नकोस!"